खुर्चीवरचा रुमाल

"कायम केलं का रं तुला?"

माधवनगरच्या गोदावरीबाई आपल्या मुलाला, मुकुलला, हा प्रश्न आधी विचारायच्या. जेवलास का, हे त्यानंतर. मुकुल संगणक अभियंता. पुण्यातल्या एका कंपनीमार्फत तो आयर्लंडमधल्या लोकांचं काम घरात बसून करायचा. पगार असा की ऐकणाऱ्याने एकदा त्याच्या तोंडाकडे आणि एकदा त्याच्या झिजलेल्या चपलांकडे बघावं. पण काम कंत्राटी. दर तीन महिन्यांनी करार संपायचा. पुढचा येईपर्यंत मुलाची झोप उडायची आणि आईचे उपास सुरू व्हायचे.

गोदावरीबाईंना हसू नका, मंडळी. त्यांच्या धास्तीला कारण होतं. त्यांचे यजमान मधुकरराव साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. गळीत सुरू झालं की बोलावणं यायचं, हंगाम संपून पट्टा पडला की घरी. दर दिवाळीला या घरात फराळाआधी एकच चर्चा, यंदा बोलावतील का? सगळी उमेद त्या बोलावण्याची वाट बघण्यात गेली आणि 'कायम' हा शब्द मधुकररावांच्या नावाला काही चिकटला नाही. अशा घरातली बाई 'कायम' म्हणते तेव्हा तिला अंगाखाली खाट आणि डोक्यावर छप्पर हवं असतं, बाकी काही नाही.

आईच्या जिवाला शांतता लाभावी म्हणून मुकुलने जलसंपदा विभागाची परीक्षा दिली आणि गंमत अशी की तो पासही झाला! कालवा निरीक्षक! नेमणूक सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. निकाल लागला त्या दिवशी मुकुल घरात बसून विचार करत होता की हे पद नम्रपणे नाकारायचं. पगार हातातल्या कामाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, आणि कालव्याचा व आपला संबंध लहानपणी पोहण्यापुरता. पण तो नाही म्हणायच्या आत तरुण मंडळाने चौकात फ्लेक्स लावला. त्यावर मुकुलचा फोटो, मागे धरणाचं चित्र, आणि खाली शुभेच्छुकांची भलीमोठी रांग. गुलाल झाला, शाल-श्रीफळ झालं. आणि आपल्याकडे एकदा माणूस फ्लेक्सवर चढला की त्याला खाली उतरायला शिडी मिळत नाही.

"आई, मला ही नोकरी करायची नाही," मुकुल म्हणाला.

"करू नगंस. जॉइन तर हो!" गोदावरीबाई म्हणाल्या. "आरं, एस्टी लागली की आपण खिडकीतनं रुमाल टाकतो का न्हाई? मग सावकाश चढायचं. तसा ह्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेव. तुझं ते कंप्युटरचं चालू दे. उद्या त्यांनी न्हाई म्हटलं, तर ही जागा हाय."

मामा म्हणाला, सगळेच असं करतात. शेजारी म्हणाले, वेडा आहेस का, हातची सरकारी नोकरी कुणी सोडतं? मित्र म्हणाले, दोन्ही कर ना, कोण बघतंय! मधुकरराव तेवढे अडकित्त्याने सुपारी कातरत गप्प बसले होते. विचारलं तेव्हा म्हणाले, "बघा काय ते."

मुकुलने रुमाल टाकला.

सरकारी नोकराला दुसरी नोकरी चालत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. रुजू होताना त्याने त्यावर सहीसुद्धा केली होती. पण सही करताना माणूस वाचतो कुठे, आणि वाचलं तरी मनावर घेतो कुठे! कोरेगावात त्याने खोली घेतली, टेबलावर लॅपटॉप मांडला आणि दोन फोन बाळगू लागला. डाव्या खिशातला सरकारचा, उजव्या खिशातला आयर्लंडचा. त्यांची सकाळ म्हणजे आपली दुपार. नेमकी कालव्यावर फिरायची वेळ आणि त्यांच्या बैठकीची वेळ एक व्हायची. कालव्याच्या भरावावर बाभळीच्या सावलीत मोटारसायकल लावून, कानात इअरफोनचं बोंड घालून तो इंग्रजीत बोलत बसायचा. लांबून शाखा कार्यालयाची जीप दिसली की बोंड खिशात आणि डोळे पाण्यावर! डावा फोन वाजला की उजवीकडे घाम फुटायचा आणि उजवा वाजला की डावीकडे. दोन डगरींवर हात ठेवणाऱ्याची दोन्ही मनगटं दुखतात, ती अशी.

त्यातून त्याने एक युक्ती काढली, आणि ही युक्ती संगणकवाल्यालाच सुचावी! कालव्याला पाणी सुटलं की निरीक्षकाने रोज सकाळी नऊला आपल्या वितरिकेच्या, म्हणजे कालव्यातून फुटलेल्या चारीच्या, शेवटच्या टोकाला, टेलला, किती पाणी आहे ते मोजपट्टीवर पाहून कार्यालयाच्या ग्रुपवर कळवायचं. त्याला गेज म्हणतात. पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग वरच्या गावांना, हा नियम. नाहीतर वरचे भिजतात आणि खालचे बघत राहतात. म्हणून टेलच्या त्या आकड्याला महत्त्व. टेल लांब जांभळीच्या वाडीला. रोज एवढ्या लांब कोण जाणार? मुकुलने लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. रोज नऊच्या ठोक्याला गेजचा मेसेज आपोआप जायचा. आकडा एकसारखा असला तर संशय येईल म्हणून तो रोज जरासा इकडेतिकडे व्हायचा. काही अडचण आली तर कालव्यावरचा जुना चौकीदार धोंडीबा फोन करेलच, असा त्याचा हिशेब होता.

पाणी वाहत होतं, मेसेज जात होते, सगळं सुरळीत चाललं होतं. कुंपणच शेत खायला लागलं होतं, पण कुंपणाला अजून तसं वाटत नव्हतं.

मुकुलला खरा त्रास होता तो सयाजीच्या फोनचा.

सयाजी हा प्रतीक्षा यादीतला पहिला माणूस. आपल्याकडे ही एक न सांगितलेली रीतच झाली आहे. निवड झालेल्यांची नावं लागली की यादीत खाली अडकलेले त्यांचे नंबर शोधतात आणि अजिजीने विचारतात, तुम्ही राहणार आहात का? राहणार नसाल तर लवकर सांगा. सयाजी योगायोगाने जांभळीच्या वाडीचाच होता. विधवा आई, आक्काताई, थोडंसं आल्याचं रान, आणि परीक्षा देता देता सरलेलं वय. पुन्हा परीक्षेला बसायची सोय नव्हती. जूनअखेर यादीची मुदत संपत होती.

"साहेब, रागाऊ नका," तो म्हणायचा. "तुमी संगणकवालं हायसा म्हणून इचारतो. हितं राहनार का जानार? तुमचं काय ठरलं, तर माझं काय ते हुईल."

"बघू. पुढच्या महिन्यात सांगतो," मुकुल म्हणायचा. पुढच्या महिन्यातही तो तेच म्हणायचा. फोन ठेवल्यावर मात्र त्याला अन्न गोड लागायचं नाही. मग तो स्वतःला समजवायचा की मी जागा चोरलेली नाही, मी मेरिटमध्ये आलो आहे. ते खरंही होतं. पण खरं असूनही घशाखाली उतरत नव्हतं.

मे महिना आला. ऊन असं की कालव्याच्या भरावावरची माती पायाला चटका द्यायची. उन्हाळ्यातली पाण्याची शेवटची पाळी सुटली होती. त्याच सुमारास कंत्राटाची मुदत भरत आली आणि कंपनीकडून पुढच्या कराराचं नाव निघेना. मुकुल उजव्या फोनकडे डोळे लावून बसला. धोंडीबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला गेला होता. तो तसं सांगून गेला होता, पण मुकुलने ते या कानाने ऐकलं होतं आणि त्या कानाने सोडलं होतं.

आणि सयाजीचे फोन वाढले. सकाळी, दुपारी, पुन्हा संध्याकाळी. राजीनाम्याचं विचारायलाच करत असणार! आधीच करार लटकलेला, त्यात हा! मुकुल फोन कापत राहिला. शेवटी त्याने सयाजीच्या नंबराचा आवाजच बंद करून टाकला.

एके दिवशी सकाळी शाखा अभियंता माया मॅडमनी त्याला कार्यालयात बोलावलं. मोजकं बोलणाऱ्या, कालव्याच्या कामात केस पांढरे झालेल्या बाई. "जीप काढलीय. टेल बघून येऊ," एवढंच म्हणाल्या.

"मॅडम, टेलला पाणी व्यवस्थित आहे."

"हो, नऊला तुमचा मेसेज येतोच. पण आज डोळ्यांनीच बघू."

नऊला!  लॅपटॉप खोलीवर उघडा होता. प्रोग्रॅम आपल्या वेळेची वाट बघत बसला होता. फोनवरून तो बंद करता आला असता, पण जीप गावाबाहेर पडली आणि रेंज गेली. त्याने फोन खिडकीबाहेर धरला, डोक्यावर धरला, बंद करून पुन्हा चालू केला. एक काडी दिसायची आणि विझायची. मॅडम समोर बघत होत्या. ड्रायव्हर आपल्या तंद्रीत होता. मुकुल घड्याळाकडे बघत होता आणि देवाला म्हणत होता, आज वाडीवरही रेंज नको, फक्त आजच्या दिवस!

टेल आला. वितरिकेच्या तळाला चिखलाच्या पापड्या उलल्या होत्या. मोजपट्टी पायथ्यापासून कोरडी. वरच्या अंगाला रस्त्याखालच्या नळीत उसाचं पाचट आणि एक बाभळीचं खोड अडकलं होतं. पाणी फुगून बाजूच्या ओढ्याला पडत होतं. ओढ्यातून ते कुठे गेलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

काठावर सयाजी उभा होता. शेजारी त्याची आई. आक्काताईंनी काही न बोलता शेजारच्या वाफ्यातली माती बोटांनी उकरली आणि आल्याचं एक कुडं, लावणीचा कंद, मुकुलच्या हातावर ठेवलं. त्याला फुटलेले कोंभ तव्यावर भाजल्यासारखे काळे पडले होते.

"कवा आलं रं लेका पानी?" त्या म्हणाल्या. "हापिसात तर म्हनं रोज येतंय."

तेवढ्यात मॅडमच्या हातातला फोन वाजला. वाडीवर रेंज होती. चांगली भरभरून होती!

मॅडमनी मेसेज वाचला. पुन्हा वाचला. मग मोठ्याने वाचला, "मुकुल, कालवा निरीक्षक. टेल गेज बेचाळीस सेंटिमीटर. पूर्ण प्रवाह." आणि मान वर करून त्याच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. एकाही हातात फोन नव्हता, एका हातात आल्याचं ते कुडं होतं.

 धरणी दुभंगावी, असं माणसाला वाटतं ना, मुकुलला तसं वाटलं. पण उन्हाने दुभंगलेल्या त्या धरणीत लपायला जागा नव्हती.

"साहेब," सयाजीच हळू आवाजात म्हणाला, "मी फोन करत हुतो. पानी न्हाई म्हणून सांगाय."

"मला वाटलं..."

"व्हय. राजीनाम्याचं इचारतोय असं वाटलं आसंल." सयाजीच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मुकुलला सोसला असता. "माझ्या गरजंपायी आमच्या वाडीचा फोन बी कापला गेला, साहेब."

परतताना मॅडमनी जीप मधेच थांबवली. कालव्याच्या पुलाच्या कठड्यापाशी दोघं उभे राहिले. मुकुलने सगळं सांगून टाकलं. दुसरी नोकरी, दोन फोन, प्रोग्रॅम, आईची धास्ती, वडिलांचे हंगाम.  मॅडमनी मधे एकदाही तोडलं नाही.

"मुकुल, कंत्राटी कामाला मी नावं ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. "माझा धाकटा भाऊ कंत्राटावर आहे आणि माझ्यापेक्षा जास्त राबतो. सरकारी नोकरीचे देव्हारे माजवा, असंही मी सांगणार नाही. जास्त पैसे हवेत, त्यात पाप नाही. पोटाची भीती वाटली म्हणून पक्की नोकरी हवी, त्यातही लाज नाही. कोणती निवडायची तो तुमचा हक्क. पण निवडा तरी! तुम्ही नोकरी निवडलीच नाही, तुम्ही ती अडवली."

"मॅडम, मी मेरिटवर आलो होतो."

"आलात ना! म्हणून तर बसायला जागा मिळाली. बसलात कुठे?" मॅडम कोरड्या चारीकडे बघत म्हणाल्या. "आमच्या घरातली पहिली सरकारी खुर्ची माझी. रुजू व्हायला निघाले तेव्हा माझे वडील म्हणाले होते, पोरी, या खुर्चीत टेकण्याआधी एकदा मागं वळून बघ. तुझ्यामागं रांग हाय. तिथली माणसं परकी न्हाईत. मी अजून बघते. आणि खुर्चीच्या पुढेही माणसं असतात, मुकुल. ती आक्काताई आहे. रिकामी जागा असती तर कुणीतरी म्हटलं असतं, इथे माणूस नाही, सोय करा. तुमच्यामुळे तेही कुणी म्हणू शकलं नाही!"



"आता व्यवहाराचं ऐका," मॅडम पुढे म्हणाल्या. "कागदावर जांभळीच्या वाडीची पाळी पूर्ण झाली आहे. तुमच्याच आकड्यांनी. दोन-तीन दिवसांत कालवा बंद होईल. आकडे खोटे होते हे तुम्ही लेखी दिलंत, तर मी वरून जादा पाळी मागून आणू शकते. अर्धंअधिक आलं वाचेल. पण ते दिलंत की ही नोकरी तुम्हाला सोडावी लागेल, हे मी आताच सांगते. नाही दिलंत, तर माझा अहवाल मी पाठवणारच. मग चौकशी लागेल, रेंगाळेल. कदाचित वकील लावून खुर्ची टिकवालही. तोवर आलं जळेल आणि सयाजीची यादीही संपेल. उद्या सकाळी मला सांगा."

मुकुलने माधवनगरची दुपारची गाडी धरली. गाडीत उजवा फोन वाजला. पुण्याच्या कंपनीतली मुलगी गोड आवाजात म्हणाली की नव्या करारावर परदेशातून अजून सही आलेली नाही, होईलच असं सांगता येत नाही. मुकुलने खिडकीच्या गजाला डोकं टेकलं. म्हणजे उद्या लेखी दिलं तर इकडचीही नाही आणि तिकडचीही नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं! एकदा वाटलं, चौकशी तर चौकशी, अडून राहावं. लगेच ते काळं पडलेलं कुडं डोळ्यापुढे आलं.

घरी त्याने उंबऱ्यात बसूनच सगळं सांगितलं. गोदावरीबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी भावाला फोन लावला. मामाचा सल्ला तयारच होता, लेखी काही देऊ नको, चौकशी वर्षानुवर्षं चालते, तोपर्यंत जागा आपलीच.

"मामा बरोबर बोलतोय," गोदावरीबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या. "लिवून देऊ नगंस, बाळा. चुकलं, मान्य. पर हातचं सोडू नगंस. तुझ्या बाच्या हंगामाचं दिस मला पुन्यांदा न्हाई बघायचं. माझ्यात तेवढी ताकद न्हाई रं आता."

मधुकररावांनी अडकित्ता खाली ठेवला. अख्ख्या वर्षात या विषयावर न बोललेला माणूस बोलू लागला.

"गोदे, माझी जागा कायम का झाली न्हाई, ठावं हाय न्हवं तुला?"

"आता ते कशाला?"

"ऐकू दे त्याला. बॉयलरवर कायमची एक जागा हुती. एका संचालकाच्या पुतन्याच्या नावावर. त्याचं सांगलीत हाटेल. गल्ल्यावर बसायचा. म्हैन्यातनं एकदा यायचा, सह्या करायचा आन जायचा. त्याला ती नोकरी नको हुती. पर असू दे, म्हणून ठेवली हुती. त्याचं काम मी करायचो, हंगामी म्हणून. दरसाली सायबाला इचारायचो, मला घ्या की. सायेब म्हणायचा, जागाच रिकामी न्हाई, मधुकर."  "ती जागा रिकामी बी न्हवती आन भरल्याली बी न्हवती. तितं रुमाल हुता!"



"त्या पुतन्याला तू काय काय बोलायचीस, आठवतंय?" मधुकररावांनी विचारलं.

आठवत होतं. दर दिवाळीला, चकलीचा सोऱ्या फिरवता फिरवता, त्या न पाहिलेल्या माणसाला त्यांनी शिव्याशाप दिले होते. त्याच्या पोटच्या पोरांवर असाच प्रसंग येवो, म्हणून बोटं मोडली होती.

"आन आता ती आक्काताई," मधुकरराव म्हणाले, "ती कुनाला बोलत आसंल, गोदे? तुझ्या लेकाला! आन मी गप बसलो. सगळं ठावं आसून सुपारी कातरत बसलो. माझ्यावर झालं ते दुसऱ्याच्या पोरावर हुताना मला दिसलं न्हाई, कारन ह्या बारीला रुमाल आपला हुता!"

 मग गोदावरीबाई उठल्या, आत गेल्या. डब्याची झाकणं वाजली. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते.

"सकाळच्या गाडीला भाकरी बांधून देते," त्या म्हणाल्या. "जा. लिवून दे. मला लय भ्या वाटतंय, खोटं कशाला बोलू? पर जा."

त्या रात्री मुकुलच्या हाती पुढचा करार नव्हता, नोकरी उद्यापुरती होती, आणि तरीही कित्येक महिन्यांनी त्याला झोप लागली.

सकाळी त्याने मॅडमसमोर बसून कबुलीही लिहिली आणि राजीनामाही. मॅडमनी दोन्ही कागद वाचले, कबुलीतला एक आकडा दुरुस्त करायला लावला आणि उठून वरच्या कार्यालयाला फोन लावला. मुकुलने लॅपटॉप उघडून तो प्रोग्रॅम पुसून टाकला. मग कुणी न सांगता तो वाडीला गेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सयाजीबरोबर नळीतलं पाचट ओढू लागला. बाभळीचं खोड निघता निघेना. तळहात सोलवटले. तिसऱ्या दिवशी जादा पाळीचं पाणी टेलला पोचलं. आक्काताईंचं सगळं आलं वाचलं नाही. वाचलं ते निम्मं. एकाच्या चुकीची किंमत दुसऱ्या माणसाने भरली होती आणि ती पूर्ण परत करता येत नव्हती, हे मुकुल त्या वाफ्यात उभा राहून शिकला.

करार आला तो पुढच्या आठवड्यात. तोही तीन महिन्यांचाच. तो येईपर्यंतचे दिवस त्या घराने कसे काढले, ते घरालाच माहीत. चौकातला फ्लेक्स उन्हाने विटला होता, पण उतरला नव्हता. येणारेजाणारे त्याकडे आणि मग मुकुलकडे बघून हसायचे.

जून संपायच्या आत एका सकाळी सयाजीचा फोन आला. मुकुलने पहिल्या घंटेला उचलला.

"साहेब, आज रुजू झालो. टेलवरनं बोलतोय."

"साहेब आता तू," मुकुल म्हणाला. "गेज किती आहे?"

"पानी बंद हाय न्हवं सध्या. कोरडं हाय. कोरडं म्हणूनच लिवलंय," सयाजी म्हणाला आणि दोघंही हसले.

त्याच दिवशी पावसाची उघडीप बघून पापड वाळत घालताना शेजारणीने गोदावरीबाईंना छेडलं, "काय वैनी, पोरगं पुन्यांदा हंगामीच का वो?"

गोदावरीबाईंनी पापड सरळ केला. "हंगामी हाय," त्या म्हणाल्या. "पर बसलाय ती जागा त्याची सोताची हाय."

नागरिकहो, सरकारी नोकरी मोठी की खासगी कंत्राट मोठं, याचा निवाडा ही गोष्ट करत नाही. ज्याला त्याला आपलं पोट आणि आपली छाती ठाऊक. कंत्राटावर राबणाऱ्यांना उद्याची खात्री मिळायला हवी, हेही तितकंच खरं, आणि त्यासाठी आपण सगळ्यांनी बोललं पाहिजे. पण जी नोकरी करायची नाही, ती 'असू दे' म्हणून धरून ठेवू नका! सरकारी खुर्ची म्हणजे आपल्या भीतीसाठी उतरवलेला विमा नव्हे. तिच्या मागे कुणाचं तरी सरत आलेलं वय उभं असतं आणि पुढे कुणाचं तरी सुकत चाललेलं रान. बसायचं असेल तर नीट बसा. नसेल तर रुमाल उचला, आणि मागच्याला हाक मारा.